तेरा दांड्या

जिन्याच्या पायथ्याशी उभा राहून, मान मागे टाकून वर बघत एजंट म्हणाला, "इथे मधोमध गालिच्याचा पट्टा टाका, मिस्टर स्टॅनिफोर्थ. दोन्ही बाजूंना तुमचं लाकूड दिसत राहील. आणि प्रत्येक पायरीच्या कोपऱ्यात एकेक आडवी पितळी दांडी. फोटोत जिना असा उठून दिसेल, की घर बघायला येणारा दारातच हो म्हणेल." आणि विल्फ म्हणाला, "वा! हे कधी सुचलंच नव्हतं."

बेरिल चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ट्रे तिच्या हातून पडला नाही. कपांचा आवाजसुद्धा झाला नाही. तिनं तो खिडकीजवळच्या टेबलावर ठेवला, एजंटला विचारलं, "साखर किती?" आणि तो म्हणाला तशी दीड चमचा घालून ढवळली. कान मात्र तापले होते, आणि डोक्यात ते एकच वाक्य धातूला झिलई देणाऱ्या बफच्या चाकासारखं गरगरत होतं. सुचलंच नव्हतं. कधी सुचलंच नव्हतं. हा क्रिस्पिन नावाचा मुलगा, तिशीचाही नसेल, बुटांना टोकं काढलेली, घरात येऊन अजून पंधरा मिनिटं झाली नव्हती. आणि विल्फ त्याचं बोलणं खिशातल्या छोट्या वहीत उतरवून घेत होता. पट्टा. लाकूड दोन्ही बाजूंना. पितळी दांड्या. अक्षर तेच, शाळेतल्या फळ्यावर काढायचा तसं सुबक. चौतीस वर्षं सुतारकाम शिकवलेला माणूस. एजंट गेल्यावर तो वहीवर पेन्सिल टेकवत म्हणाला, "हुशार आहे पोरगा." बेरिल म्हणाली, "हो का." आणि कप विसळायला आत गेली.

ते घर त्यांनी अडुसष्ट साली घेतलं तेव्हा जिन्यावर तपकिरी रंगाचे पाच-सहा थर होते. शेफील्डच्या त्या चढावरच्या सगळ्याच घरांचे जिने तसेच, अरुंद, उभे, शिडीला भिंती लावल्यासारखे. विल्फनं दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या त्या जिन्यावर काढल्या. रंग जाळून खरवडला, खाचाखोचा पटाशीनं साफ केल्या, घासून घासून खालचं पाइनचं लाकूड मधासारखं पिवळं काढलं, मग व्हार्निशचे हात दिले. एक, दोन, चार. त्या दोन उन्हाळ्यांत बेरिल मागच्या भिंतीला शिडी लावून खिडकीतून झोपायच्या खोलीत जायची. तेव्हा ते तिलाही मजेचं वाटलं होतं. पाहुणे आले की विल्फ त्यांना आधी जिना दाखवायचा, मग बसायला सांगायचा. बूट दारात काढायचे, वर जाताना पायमोजेच. पायमोजे आणि व्हार्निश. पाय घसरणार, हे कुणाच्याही लक्षात येईल. लक्षात यायला सुतार असावं लागत नाही.

तिची आई, ॲडा, पंच्याऐंशीच्या ऑक्टोबरात राहायला आली. गुडघे गेलेले, एका डोळ्यात मोतीबिंदू. मागची छोटी खोली तिला दिली. पहिल्याच आठवड्यात बेरिल बोलली. तो दिवस तिला लख्ख आठवत होता, कारण रविवार होता, विल्फ मटण कापत होता आणि सुरी थांबवल्याशिवाय त्यानं उत्तर दिलं होतं. "मधोमध एक पट्टा टाकू या, विल्फ. दोन्ही बाजूंना तुझं लाकूड दिसतच राहील. वर पितळी दांड्या लावू, आमच्या कारखान्याच्या मालकिणीकडे होत्या तशा. शोभा येईल." शब्द न् शब्द हाच. आणि विल्फ म्हणाला होता, "त्या लाकडावर चिंधी घालायची? मग खरवडलं कशाला मी?" ख्रिसमसला ती पुन्हा बोलली. ईस्टरला बोलली. मेमध्ये म्हणाली, पैसे मी माझे घालते. तेव्हा तो पेपर खाली न करता म्हणाला, "तुझी आई कठडा धरत नाही. तिला कठडा धरायला सांग. कठडा मी स्वतः केलाय." आईनं ते ऐकलं होतं. ती दुसऱ्या दिवसापासून दोन्ही हातांनी कठडा धरून तिरकी उतरायला लागली, खेकड्यासारखी. जावयाला राग येऊ नये म्हणून.

जूनमधल्या एका सकाळी, पावणेआठला, ती चहा प्यायला खाली यायला निघाली आणि नवव्या पायरीवरून कोसळली. बेरिलनं आवाज ऐकला तेव्हा ती टोस्टला लोणी लावत होती. मनगटाला अडकवलेल्या काठीचं टोक पाचव्या पायरीत रुतून लाकडाचा टवका उडाला होता. तो तिला आईच्या चेहऱ्याआधी दिसला, ही गोष्ट तिनं कधी कुणाला सांगितली नाही. खुबा मोडला होता. रुग्णवाहिकेतल्या माणसाला विल्फ सांगत होता, "घसरली. सपाता जुन्या होत्या तिच्या." तीन दिवसांनी बेरिल हॉस्पिटलमधून घरी आली तेव्हा दारातच व्हार्निशचा वास आला. पाचव्या पायरीवर कागद चिकटवलेला होता, फळ्यावरच्या सुबक अक्षरात: ओलं आहे. डावीकडून चढा. टवका नाहीसा झाला होता. घासून, भरून, पुन्हा घासून, इतका बेमालूम की बोट फिरवलं तरच कळेल. त्यानं ती जागा दाखवली. "बघ," तो म्हणाला, "काही कळतंय का?" तो खरंच खूश होता. तो क्रूर माणूस नव्हता. तिला त्याचाच जास्त राग येत होता. क्रूर असता तर निदान त्याला माहीत असतं. आई पाच आठवड्यांनी छातीत पाणी होऊन गेली. अंत्यविधीहून परत आल्यावर बेरिल डावीकडून चढली. त्यानंतर ती सतरा वर्षं डावीकडूनच चढत आली होती आणि विल्फच्या ते कधीही लक्षात आलं नव्हतं.

घर विकायचं हेही असंच ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे विल्फनं ठरवलं होतं. त्याचा भाऊ आर्नल्ड मेबलथॉर्पला समुद्राकाठी बैठ्या घरात राहायचा. शेजारचं तसलंच घर विकायला निघालं. "एकही पायरी नाही," विल्फ म्हणाला, "आपल्या वयाला सोयीचं." बेरिल हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. नाही म्हणायची सवय तिनं सोडून दिली होती, जशी एखादी बाई कॉफीत साखर घेणं सोडते. आता एजंटच्या त्या एका वाक्यानं सतरा वर्षांचे सगळे 'नाही' एकदम तोंडाशी आले. आठवडाभर तिला झोप नीट लागेना. दिवसा भांडी घासताना, बसमध्ये, चर्चच्या सेलमध्ये जुने स्वेटर घड्या करताना मधेच जबडा दुखायचा आणि मग कळायचं की आपण दात आवळून बसलोय. आपल्याला गालिचा मिळणार आहे. परक्या बाईसाठी. जी अजून आलीसुद्धा नाही, तिच्या पायांसाठी.

पुढच्या मंगळवारी दोघं दुकानात गेली. गालिचा विल्फनं दहा मिनिटांत पसंत केला, गडद लाल, कडेला निळी रेघ. दांड्यांचा विभाग मागच्या बाजूला होता. भिंतीवर फळीला नमुने लावलेले, प्रत्येकाच्या टोकाला बोंड: गोल, भाल्याच्या पात्यासारखं, अननसाच्या आकाराचं, ओकच्या फळासारखं. विकणारी बाई, मिसेस हॉर्सफॉल, साठीच्या घरातली, गळ्यात चष्मा अडकवलेली. विल्फनं खालच्या रांगेतली एक दांडी उचलली. "ही बरी वाटते. जुन्या ब्राँझसारखी. हलकी पण आहे."

"ती पोकळ आहे," बेरिल म्हणाली.

"तुला कसं कळलं?"

तिनं ती त्याच्या हातून घेतली, दोन बोटांवर तोलली, नखानं टिचकी मारली आणि परत ठेवली. हे तिला कसं कळलं! पंधराव्या वर्षापासून सत्ताविसाव्या वर्षापर्यंत ती चमचे-काटे घासायच्या कारखान्यात बफच्या चाकापुढे बसली होती. डोक्याला लाल रुमाल, पायांना ब्राऊन पेपर गुंडाळून दोरीनं बांधलेला, तोंडात तेल आणि वाळूची चव, संध्याकाळी आंघोळीचं पाणी शाईसारखं काळं. बारा वर्षांत किती धातू या बोटांखालून गेला असेल. डोळे मिटून ती सांगायची, हा चांदीचा मुलामा जाड आहे, हा पातळ, हा पुन्हा टाकीत घालावा लागेल. रांगेच्या शेवटी उभी असलेली मुकादमबाई तिच्याकडे माल पाठवायची: बेरिलला दाखवा. या हातांना लोक विचारायचे. लग्नानंतर तिला कुणी काही विचारलं नव्हतं, आणि इतकी वर्षं तिनंही ते हात भांड्यांच्या पाण्यात बुडवून ठेवले होते.

"भरीव दाखवा," ती मिसेस हॉर्सफॉलला म्हणाली. "भरीव पितळ. आणि वरून लाखेचा हात नको. नुसतं."

"नुसतं पितळ काळं पडतं हं बाई," मिसेस हॉर्सफॉल म्हणाली. "दर आठवड्याला घासावं लागतं. हल्ली कुणी घेत नाही. लाख मारलेल्या घेतल्या की पुसायचंही काम नाही."

"ऐक त्या काय म्हणतात," विल्फ म्हणाला. "आणि आपल्याला काय करायच्यात भरीव? फोटो काढेपर्यंत चमकल्या की झालं. घासणार कोण?"

"मी."

"आपण तिथे असणार का घासायला? वेड लागलंय का?"

बेरिलनं हात पुढे केला. मिसेस हॉर्सफॉलनं खालच्या खणातून कापडात गुंडाळलेली एक दांडी काढून तिच्या हातात दिली. वजन बरोबर होतं. तळहातात थंडगार बसलं. टोकांना ओकच्या फळाची बोंडं, खवले नीट कोरलेले, साच्यातून काढून तसेच ठेवलेले नव्हते. कुणीतरी नंतर हातानं धार काढली होती. तिला त्या न पाहिलेल्या कुणाचा तरी अभिमान वाटला आणि लगेच राग आला, कुणावर ते तिलाही सांगता आलं नसतं. "या तेरा," ती म्हणाली. विल्फनं किंमत ऐकून ओठ मुडपले, घड्याळात बघितलं, एक दीर्घ श्वास सोडला. दुकानात माणसांदेखत भांडायचं नाही हा त्याचा नियम. त्या नियमाचा उपयोग करून घेता येतो, हे तिला आयुष्यात पहिल्यांदाच कळलं.

गालिचा बसवायला नासेर आला. पन्नाशीचा, येमेनी बापाचा, बाप पोलादाच्या भट्टीवर होता असं त्यानं आल्या आल्या सांगितलं. बेरिलनं कारखान्याचं नाव घेतल्यावर दोघांच्या ओळखीचे रस्ते, बंद पडलेली उपाहारगृहं, पाडलेली धुराडी निघाली. विल्फला ते आवडलं नाही. तो दाराजवळ हात मागे बांधून उभा राहिला, परीक्षेला बसलेल्या वर्गावर नजर ठेवावी तसा. नासेरनं ड्रिल काढलं तेव्हा तो पुढे आला.

"भोकं पाडणार?"

"दांडीची दोन्ही टोकं ज्यात बसतात ती घरं स्क्रूनं लावायची तर भोकं पाडावी लागतात, साहेब. फुंकर मारून बसत नाहीत."

"किती?"

"एका पायरीला चार. तेरा चोक बावन्न."

विल्फचा चेहरा पांढरा पडला. बेरिल भिंतीला टेकून बघत होती. पहिलं भोक पडताना लाकडाचा बारीक भुगा पायरीवर सांडला आणि विल्फनं डोळे मिटून घेतले. तिनं मिटले नाहीत. तिला प्रत्येक भोक बघायचं होतं. ती मोजत होती. हे काही चांगलं नाही, आपण अशा नव्हतो, असं मनात येऊन गेलं. तरी ती मोजत राहिली. नासेर वरून खाली काम करत येत होता. खाली जाड नमदा, त्यावर पट्टा, ताणून खिळे, मग दांडी. पाचव्या पायरीवर तो थांबला. तळहात फिरवला, मान तिरकी करून उजेडात पाहिलं.

"इथं कुणीतरी घासून घासून खड्डा केलाय," तो म्हणाला. "वरून दिसत नाही. हाताला लागतं. काय झालं होतं?"

"काही नाही," विल्फ म्हणाला. "किरकोळ दुरुस्ती."

बेरिल विल्फकडे बघत राहिली. त्याची नजर खाली होती, पण लाजेनं नव्हे. तो खरंच त्या जागेकडे, आपल्या कामाकडे बघत होता. आठवत असेल त्याला? की लाकडाचं तेवढं आठवत असेल? तिला वाटलं, आता बोलावं, या परक्या भल्या माणसासमोर बोलावं. पण ती नासेरला एवढंच म्हणाली, "या दांड्या काढल्या तर पट्टा सुटेल का?"

"नाही सुटायचा. पूर्वी दांडीच गालिचा धरून ठेवायची. आता खिळे धरतात. ही नुसती शोभेची, बाई."

"म्हणजे धरून काहीच ठेवत नाही."

"पण तुमच्या या भरीव आहेत, घट्टही बसवतोय. धरायचं म्हटलं तर धरतील." तो हसला. ती हसली नाही.

तो गेल्यावर विल्फ पायथ्याशी उभा राहून वरपर्यंत बघत राहिला. मग म्हणाला, "खरं सांगू का, छान दिसतंय. लाकूड उलट उठून दिसतंय." तो वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. "पायाला कसं मऊ लागतं! बघ तरी चढून." तिला त्या क्षणी त्याला ढकलावंसं वाटलं. खरंच वाटलं, दंडापर्यंत आलं ते. ती मागच्या अंगणात जाऊन कपडे वाळत घालू लागली, आणि प्रत्येक चिमटा असा लावला की दोन तुटले.

शनिवारी अकरा वाजता क्रिस्पिन एका जोडप्याला घेऊन आला. दोघं शिक्षक, बाईला दिवस गेलेले, सहावा महिना असावा. माणूस भिंतींवर टकटक करून बघत होता. बाई जिन्यापाशी आली आणि थबकली. "अय्या, किती सुरेख! या दांड्या जुन्या आहेत का?"

"नव्या आहेत," विल्फ पुढे होत म्हणाला. त्याच्या आवाजात जुन्या पाहुण्यांच्या वेळचा तो सूर होता. "पण भरीव पितळ, हं. मी म्हटलं, या जिन्याला हेच शोभेल. मधोमध पट्टा, दोन्ही बाजूंना लाकूड. आणि तुमच्यासारखीला, म्हणजे आता बाळ वगैरे, उघडी पायरी धोक्याचीच. सुरक्षितता महत्त्वाची."

बेरिलला वाटलं होतं, ही वेळ आली की आपण ओरडू. पण आवाज अगदी साधा आला, दूधवाल्याला उद्या एक बाटली जास्त टाक म्हणून सांगावं तसा. "घर विकायचं नाही," ती म्हणाली.

क्रिस्पिन हसला. "मिसेस स्टॅनिफोर्थ गंमत करतायत."

"गंमत नाही. घर दोघांच्या नावावर आहे. माझी सही मिळणार नाही." मग ती त्या बाईकडे वळली. "तुम्हाला हेलपाटा पडला, त्याबद्दल माफ करा. बसा, चहा घेऊन जा. तुमचा काही दोष नाही."

कुणी चहा घेतला नाही. दार लागल्यावर विल्फ फिरला, गालांवर लाल चट्टे उठलेले. "हे काय खूळ काढलंस? चारचौघांत तोंडघशी पाडलंस मला! आर्नल्डला काय सांगू? तुला नको होतं तर महिनाभर तोंडात गुळणी का धरली होतीस?"

"पंच्याऐंशी साली ऑक्टोबरात मी काय सांगितलं होतं तुला? रविवारी. तू मटण कापत होतास."

"काय सांगितलं होतंस? पंच्याऐंशी सालचं आता कोण..."

"आठव."

तो काहीतरी बोलायला गेला आणि त्याची नजर आपसूक जिन्यावर गेली, पाचव्या पायरीवर, जिथं आता लाल लोकरीखाली काहीच दिसत नव्हतं. तोंड उघडं राहिलं. तिनं ते बघितलं. म्हणजे आठवत होतं. सगळं आठवत होतं, सतरा वर्षं आठवत होतं. आपण त्याला आंधळा समजत होतो, आणि तो आंधळा नव्हता. तिला उभ्या आयुष्यात आला नव्हता इतका राग आला. "ॲडाचं वय झालं होतं," तो पुटपुटला.

"ते नाही. मी काय सांगितलं होतं ते म्हण."

तो कोट घेऊन बाहेर गेला.

दोन दिवसांनी घरापुढची विक्रीची पाटी निघाली. विल्फ मेबलथॉर्पला गेला, भावाला समजावतो म्हणाला, आठवडाभर राहतो म्हणाला. तिसऱ्या दिवशीच दुपारच्या गाडीनं परत आला, वाळू लागलेल्या बुटांनी. ते त्यानं दारात काढले. त्या दिवसांत दोघांत जेवायला वाढ, दार लाव, यापलीकडे बोलणं नव्हतं. बेरिलला वाटलं होतं तशी एकटेपणाची भीती आली नाही. तिनं आईच्या खोलीत आपली गादी टाकली. सकाळी उठून मधोमध उतरायची, कठडा न धरता, टाच पूर्ण टेकवून.

गुरुवारी ती दांड्या घासायला बसली. पितळावर बोटांचे ठसे पडून काळसर झाले होते. जुनी बनियन फाडलेली, पॉलिशचा डबा, मांडीवर वर्तमानपत्र. हात विसरले नव्हते. मनगट आपोआप फिरायला लागलं, लहान गोल, मग लांब ओढ, मग कोरडं कापड. खालून वर येत ती चौथीपर्यंत आली होती. विल्फ पुढच्या खोलीतून आला आणि जिन्याच्या पायथ्याशी थांबला. ती मान वर न करता घासत राहिली. त्याचे पायमोजे तेवढे तिला दिसत होते, एका अंगठ्याला रफू केलेलं. तिनंच केलेलं.

ती दांडीच्या दुसऱ्या टोकाकडे वळली तेव्हा तो म्हणाला, "तू सांगितलं होतंस."

तिनं हात थांबवला. हे ऐकलं की आत काहीतरी सैल होईल, बांध फुटेल, रडू येईल, असं तिनं कितीदा मनाशी योजलं होतं. तसं काही झालं नाही. उलट तळपायापासून आग नव्यानं चढली. तीन शब्द. तीनच होते. यांना ना पैसे लागत होते, ना लाकडाला भोक पडत होतं. श्वासभर वेळ लागला असता, हॉस्पिटलच्या त्या हिरव्या बाकावर, अंत्यविधीनंतर गाडीत, कुठल्याही रविवारी. इतकं सोपं होतं आणि त्यानं ते सतरा वर्षांत म्हटलं नव्हतं; पायरी मात्र तीन दिवसांत भरून घेतली होती.

विल्फ वाट बघत उभा होता, मुलानं उत्तर सांगून मास्तरांच्या तोंडाकडे बघावं तसा. बेरिलनं कापडाची घडी उलटली, स्वच्छ बाजू वर घेतली.

"पुन्हा म्हण," ती म्हणाली.